डावीकडून उजवीकडे

“ताई, पाय थांबवा. विमान हलायला लागलंय.”

सहवैमानिकाने हे इतक्या गंभीर तोंडाने सांगितलं, की तिने खरंच खिडकीबाहेर पाहिलं. विमान जागच्या जागी होतं. हलत होती ती तिची टाच. शिलाई मशीन चालवत असल्यासारखी मघापासून एकसारखी वरखाली चालली होती. तिने पाय आवरला. मग गुडघ्यावर बोटं सुरू झाली.

“इंधनाची गाडी कुठे मेली?” ती म्हणाली.

“गाडी ठणठणीत आहे. ड्रायव्हर चहा पितोय. या विमानतळावर एक गाडी, एक ड्रायव्हर आणि एकच कँटीन. तिघांचं फार सख्य आहे.”

सहवैमानिकाला सगळे रेडिओ म्हणत, कारण त्याला बंद करायचं बटण अजून कुणाला सापडलं नव्हतं. तिला सगळे ताई म्हणत. ती डाव्या खुर्चीत, कॅप्टनच्या. तो उजव्या खुर्चीत. समोर दोन पंखे, मागे जेमतेम एका बसमध्ये मावतील इतके प्रवासी आणि त्यांतलं एक रडणारं मूल. छोट्या कंपनीची सगळी विमानं अशीच होती. सकाळी दोन गावं करायची, दुपारी दोन, आणि दिवेलागणीला घरी. कंपनीतले लोक आपल्या कंपनीला मायेने ‘छोटी’ म्हणत. जेट विमानं उडवणारी, आभाळभर पसरलेली ती दुसरी कंपनी म्हणजे ‘मोठी’. ऐकणाऱ्याला वाटावं, नात्यातल्या दोन मावश्यांबद्दल बोलताहेत.

“मोठीच्या बोलावण्याला उत्तर दिलंत का?” रेडिओने विचारलं.

“तुला कुणी सांगितलं?”

“ताई, अख्ख्या कंपनीला माहितीये. आज शेवटचा दिवस आहे हेसुद्धा. केर काढणाऱ्या मावशींनी तर निकालही लावलाय.”

“काय म्हणतात?”

“म्हणतात, जाऊ नका. तिकडे कुणी ताई म्हणणार नाही.”

ती हसली, पण हसू ओठांतच विरलं. रेडिओ मात्र सुरू झाला होता. त्याने सगळ्या कंपन्यांचा अभ्यास केला होता. मुलगी बघायला जाणारा करत नसेल इतका. मोठीत नोकरी पक्की, पुढे म्हातारपणीही कंपनी हात सोडत नाही, पण डाव्या खुर्चीत बसेपर्यंत केस पांढरे. परदेशातल्या कंपनीत पगार दणदणीत, राहायला घर, मुलांची शाळा फुकट, पण करार संपला की नमस्कार. आणि छोटी...

“छोटीचं काय?” तिने विचारलं.

“छोटी गोड आहे हो. पण प्रकृतीने नाजूक.” तो जरा घुटमळला. “आणि खरं सांगू का? तुम्ही गेलात तर मी एक पायरी वर चढतो. म्हणून मी तुम्हाला काही सल्ला देणं बरं दिसत नाही.”

“आत्तापर्यंत काय देत होतास मग?”

“ती माहिती.”

आता बाहेरच्या माणसाला ही पायरीची गोष्ट सांगून पटत नाही. डॉक्टर एक दवाखाना सोडून दुसऱ्यात गेला, तर आपला अनुभव बरोबर घेऊन जातो. शिक्षिकेने शाळा बदलली म्हणून तिला कुणी बालवर्गात बसवत नाही. विमानवाल्यांचं तसं नाही. इथे रांग असते. ज्या दिवशी तुम्ही कंपनीत पाऊल ठेवलंत, त्या दिवशीची तुमची जागा. सुट्टी कधी, मुक्काम कुठल्या गावी, कुठले मार्ग, डावी खुर्ची केव्हा, सगळं त्या जागेवरून ठरतं. ती रांग सोडून दुसऱ्या कंपनीत गेलात, की तुम्ही सगळं आभाळ पालथं घातलेलं असलं तरी शेवटी जाऊन उभं राहायचं, काल मिसरूड फुटलेल्याच्या मागे.

आणि ती आता चाळिशीला टेकली होती.

मोठीचं बोलावणं तिला पहिल्यांदा आलं तेव्हा ती चाळिशीच्या आसपासही नव्हती. बारकी, तिची लेक, पोटात होती. तिने फोन करून सांगितलं होतं, “या बॅचला जमणार नाही, बाळंतपण आहे. पुढच्या बॅचला येते.” पलीकडची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली होती, “काहीच हरकत नाही मॅडम, बॅचेस काय, येतच असतात.” त्या आल्याच नाहीत. आधी मंदी आली, मग मोठीने भरतीची दारं लावून घेतली, आणि ती पुन्हा उघडेपर्यंत बारकी शाळेत जाऊन ‘आई, तुझं अक्षर घाण आहे’ म्हणायला लागली होती. तिच्याबरोबर निवडलेली मैत्रीण त्याच बॅचला गेली. तिच्याहून कमी उडालेली, उतरताना विमान हमखास आपटणारी. ती आज मोठीत कॅप्टन होती आणि वाढदिवसाला सुट्टी मागून घेत होती. तिचाच मेसेज सकाळपासून तीनतीनदा येत होता: ‘दिलंस का उत्तर? बाई गं, या वेळी तरी चुकू नकोस.’

“आली, आली!” रेडिओ ओरडला. इंधनाची गाडी डुलत डुलत येत होती. ड्रायव्हरने लांबूनच हात केला, “ताई, राग नाही ना?”

“नाही रे बाबा,” ती म्हणाली, आणि तिची टाच पुन्हा सुरू झाली.

*

दुपारची फेरी संपवून ती काकांच्या खोलीत शिरली. काका म्हणजे छोटीचे मुख्य वैमानिक. निवृत्तीला आलेले, पोट शर्टाच्या बटणांशी भांडणारं. ज्या माणसाने तिला उजव्या खुर्चीतून डावीत बसवलं, तो हाच. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत कुंडीतलं एक रोप, जे काका दर वेळी ‘आता जगणार बरं का’ म्हणून दाखवत.

“बस.”

“उभीच बरी आहे.”

“म्हणजे जायचं ठरलं?”

“ठरलं असतं तर बसले असते, काका.”

काका हसले. “हे बघ, मी वर्षा-दोन वर्षांत घरी बसणार. माझ्यानंतर ही खुर्ची तुझी, मी वर बोलून ठेवलंय. तिकडे जाऊन काय करणार? फोन उशाशी घेऊन बसणार, कुणी आजारी पडलं तर तुला बोलावतील म्हणून. सणवार नाही, रविवार नाही. ज्याला तू धडे दिले असतेस त्याच्या शेजारी बसून म्हणायचं, हो सर, चाकं वर घेते सर.”

“ते मी म्हणेन. त्याने जीभ झिजत नाही.”

“जीभ नाही गं. आतलं काहीतरी झिजतं.”

खिडकीबाहेर तंत्रज्ञ एका विमानाचा पंखा उतरवत होते. आठवड्यापूर्वी तो दुसऱ्या विमानाला होता. हल्ली असंच चालायचं. एकाचं काढून दुसऱ्याला. घरात एकच छत्री असली की कसं, जो बाहेर निघेल त्याच्या हातात.

“काका, एक विचारू? खरं सांगाल?”

“विचार.”

“दोन वर्षांनी कंपनी असेल का?”

काकांनी तांब्या उचलला आणि रोपाला पाणी घातलं. कुंडी भरली, बशी भरली, पाणी खिडकीच्या कट्ट्यावरून खाली ओघळलं, तरी ते घालतच राहिले. मग तांब्या ठेवून म्हणाले, “माझा भाचा लायसन घेऊन आला होता ना, गेल्या वर्षी? बहीण मागे लागली होती, तुझ्याकडे लाव, तुझ्या नजरेसमोर राहील.”

“मग?”

“मी त्याला इथे येऊ दिलं नाही.”

एवढंच बोलून ते कट्ट्यावरचं पाणी रुमालाने टिपू लागले. त्यांनी वर पाहिलं नाही. तिला एकदम त्यांचा राग आला, आणि त्याच श्वासात त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. मघापासून राहा राहा म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला ती हवी होती, एवढंच. आणि हवी असूनही त्याने तिला सांगून टाकलं होतं.

“येते, काका.”

“ये. आणि हे बघ, कुठेही असलीस तरी उतरताना घाई करू नकोस. सवय आहे तुला.”

*

घरी सासूबाई मटार सोलत होत्या. बारकी त्यांच्यासमोर बसून सोललेले मटार खात होती, त्यामुळे पातेलं काही भरत नव्हतं. तिच्या डाव्या कानात कापूस होता. त्या कानाचं ऑपरेशन ठरलं होतं, लहानसंच, पण डॉक्टरांची तारीख मिळता मिळता घरातल्या सगळ्यांच्या चपला झिजल्या होत्या. आणि तारीख मिळाली ती नेमकी मोठीच्या नव्या बॅचच्या पहिल्या आठवड्यातली. मोठीचं प्रशिक्षण दुसऱ्या शहरात, काही महिन्यांचं. नंतर मुक्कामही कुठे मिळेल ते रांग ठरवणार. नवरा औषधांचं दुकान पाठीवर टाकून तिच्यामागे येऊ शकत नव्हता. म्हणजे आठवड्याला दोन दिवस घर, तेही नशीब असेल तर.

“बस जरा,” सासूबाई म्हणाल्या. “खुर्चीला काटे आहेत का?”

“आई, तुम्हीच सांगा काय करू.”

“मला विमानातलं काय कळतं? मला तर हे स्थळ बघण्यासारखं वाटतं.” त्यांनी शेंग दोन बोटांत दाबली. “या घरात तू थोरली. किल्ल्या तुझ्या कमरेला. घर जरा गळतंय, पण शब्द तुझा चालतो. ते दुसरं घर मोठं, भिंती भक्कम. पण तिथे तू धाकटी सून. चाळिशीत. तुझ्यापेक्षा लहान जावा सांगणार, ए, जरा पाणी आण.”

“आणि परदेशातलं?” नवऱ्याने आत येता येता विचारलं. तो दुकान मदतनिसावर टाकून लवकर आला होता. त्याच्या शर्टाला औषधांचा वास होता.

“ते? ते अंगभर दागिने घालतील आणि तीन वर्षांनी माहेरी आणून सोडतील.”

तिघंही हसली. बारकीला काही कळलं नाही, पण ती सगळ्यांत जास्त हसली.

“तुम्ही काय केलं असतं, आई?” तिने विचारलं.

“मी?” सासूबाईंचे हात थांबले. “मला कुठे कुणी विचारलं होतं?” आणि त्यांनी पातेलं बारकीपासून दूर सरकवलं.

ती नवऱ्याकडे वळली. “तू बोल.”

“तू ठरव. मी आहे ना.”

“झालं! तू ठरव, तू ठरव. हे म्हणून तू मोकळा. बिघडलं तर माझं, जमलं तर आपलं.”

तो जरा वेळ चष्मा पुसत राहिला. तो कमी बोलणारा माणूस. दुकानातही गोळी कधी घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून देई. “बरं, सांगतो. तू जाऊ नयेस असं मला वाटतं,” तो म्हणाला. “रात्री सवयीने एक पान जास्तीचं मांडायचं आणि मग ते उचलून ठेवायचं, हे मला नको वाटतं. पण छोटी बंद पडली आणि तू घरी बसलीस, तर... इंधनाची गाडी उशिरा आली की तू घरी येऊन कपाटं आवरतेस. ते आयुष्यभर मला झेपणार नाही. म्हणून म्हणतो, तू ठरव.”

ती फोन घेऊन गच्चीत गेली.

संध्याकाळ उतरत होती. दोरीवर कपडे वाळत होते: बारकीचा गणवेश, सासूबाईंचा गाऊन, तिचा स्वतःचा पांढरा शर्ट. मोठीच्या ऑफिसातून आलेला मेसेज तिने पुन्हा उघडला. खाली उत्तर लिहू लागली, तर शब्द आपोआप आले, जणू आठ वर्षं बोटांतच बसून होते. ‘मुलीचं ऑपरेशन असल्यामुळे या बॅचला येणं शक्य नाही. पुढच्या बॅचमध्ये सामावून घेतल्यास...’ किती सभ्य होतं ते. कुणी नावं ठेवू शकलं नसतं. आईने मुलीच्या ऑपरेशनला थांबावं, यात चूक काय? बोट बटणावर ठेवून ती उभी राहिली. तिला एकदम खूप हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच शंका आली.

“कुणाला लिहितेयस?” बारकी मागे येऊन उभी होती. मुठीत मटार होते.

“ऑफिसला.”

“माझ्या कानाचं?”

“हो.”

बारकीने एक मटार तोंडात टाकला. “आजी आत्याला फोनवर सांगत होती. मी पोटात होते म्हणून तू तेव्हा मोठ्या विमानावर गेली नाहीस.”

“ते माझं मी ठरवलं होतं, राणी. तू त्यात कुठेच नव्हतीस.”

“पण नाव माझं सांगितलंस ना?”

तिने फोन पालथा धरला.

“आता परत माझं नाव नको सांगूस,” बारकी म्हणाली. रागावून नाही, वर्गातल्या मुलीकडे आपली पट्टी परत मागावी तसं. “तुला भीती वाटत असेल तर तुझं सांग.”

“वाटते,” ती म्हणाली. हे ती दिवसभरात पहिल्यांदाच बोलली होती. “तिकडे मला सगळ्यांच्या शेवटी उभं करतील. आणि मी इथे नसेन. तुला ऑपरेशनला आत नेतील तेव्हा बाबा आणि आजी असतील.”

“बाबा रडेल.”

“मग तू त्याचा हात धर.”

बारकीने विचार केला. हा विचार चेहऱ्यावर सरळ दिसत होता. भुवया जवळ येत, मग लांब जात. “संध्याकाळी फोन करशील? उजव्या कानावर?”

“उजव्याच.”

“मग जा.” आणि उरलेले मटार आईच्या हातावर ठेवून ती खाली पळाली.

तिने लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं. पुसायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग एकच शब्द लिहिला, ‘येते’, आणि बटण दाबलं. दोरीवरचे कपडे काढून घडी घालत ती अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिली. खालून नवऱ्याने दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला ती म्हणाली, “जातेय मी,” आणि त्याने “ऐकलं” म्हटलं. मग पानं मांडल्याचा आवाज आला.

*

ऑपरेशनच्या दिवशी ती एका वर्गात इंधनाच्या टाक्यांची आकृती पाहत होती. शेजारच्या बाकावर बसलेल्या मुलाने विचारलं, “मॅडम, पेन आहे?” तिने त्याला पेन दिलं. मधल्या सुट्टीत नवऱ्याने पाठवलेला बारकीचा फोटो आला: डोक्याभोवती पांढरी पट्टी, जीभ बाहेर. नवरा फोटोत नव्हता, पण कोपऱ्यात त्याचा हात दिसत होता. बारकीने तो धरून ठेवला होता. फोटो पाहून ती स्वच्छतागृहात गेली, तोंड धुतलं, आणि टाक्यांकडे परत आली.

सिम्युलेटरमध्ये तिची सगळ्यांत जास्त फजिती हातांनी केली. इतकी वर्षं डाव्या खुर्चीत बसून, इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यांकडे उजवा हात आपसूक पुढे जाई. आता उजव्या खुर्चीत बसल्यावर ते दांडे डाव्या बाजूला होते. उजवा हात सवयीने निघे आणि खिडकीच्या कडेवर आपटे. प्रशिक्षक सुरुवातीला हसला. मग, तिच्या हातावरचे वळ पाहून, हसायचा थांबला. ती भाड्याच्या खोलीत डाव्या हाताने चमचा धरून जेवू लागली. वरण सांडे, ती पुसे, पुन्हा घेई. फोनवर बारकी विचारी, “आज किती सांडलं?”

पुढे वळ गेले. वरण सांडायचं थांबलं. छोटीची बातमी रेडिओने कळवली, त्याच्या स्वभावाला न शोभेल इतक्या थोड्या शब्दांत: विमानं उभी आहेत, काका रोज येऊन बसतात. तिला वाटलं होतं, बातमी ऐकून सुटका झाल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. ती त्या दिवशी खोलीतलं एकुलतं एक कपाट दोनदा आवरून बसली.

आणि मग एका पहाटे, प्रवासी घेऊन तिचं पहिलं उड्डाण होतं. कॅप्टन तिच्याहून बराच तरुण. बोलायला नम्र, दाढी नीट कोरलेली. तिने आधी कुठे, किती वर्षं काढली ते त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसत होतं, कारण तो जरा अवघडला होता. निघण्यापूर्वी विमानाभोवती एक फेरी मारून सगळं ठीक आहे ना ते पाहायचं असतं, आणि ते उजव्या खुर्चीचं काम. बाहेर गार वारा सुटला होता.

“मॅडम, मी जाऊन येतो ना,” तो उठत म्हणाला. “तुम्ही बसा. खूप वारा आहे.”

“नाही सर,” ती म्हणाली. “ते माझं काम आहे.”

जिना उतरून ती खाली आली. छोटीच्या विमानांना ती हात लावून पाहायची. पंखा, दार, पोट, सगळं हाताच्या अंतरावर. इथे पंख डोक्यावर छपरासारखा होता आणि इंजिनाच्या तोंडात ती सहज उभी राहिली असती. हात पोचेल असं एक चाकच होतं. तिने वाकून बॅटरीच्या उजेडात चाक सगळीकडून पाहिलं, रबर दाबलं, नळ्या पाहिल्या. वाऱ्याने जॅकेट फडफडत होतं. तिने घाई केली नाही.

सामान चढवणारा एक माणूस ट्रॉलीला टेकून तिच्याकडे पाहत होता. केस पिकलेले, कानाला मफलर. इथल्या सगळ्यांना चेहऱ्याने ओळखत असावा.

“मॅडम, नवीन दिसता,” तो म्हणाला.

ती सरळ झाली. हाताला लागलेली काळी धूळ झटकली.

“हो,” ती म्हणाली, “नवीनच आहे.” आणि बॅटरी डाव्या हातात घेऊन ती विमानाच्या दुसऱ्या बाजूला गेली.